सरंजामी निष्ठेची गाणी आणि आमची तबकडी

'लोकसंगीत' हा शब्द निघाला की आपल्या चळवळीतील कार्यकर्ता थोडा अवघडतो. हे अवघडणे साहजिक आहे. ज्यांनी हा शब्द घडवला ते लोक आणि ज्यांनी ते संगीत वाजवले ते लोक एक नव्हते. लग्न असो, पोळा असो, की गावदेवीची मिरवणूक असो, डफडे वाजवायला माणूस गावकुसाबाहेरून यायचा. तो मांडवाबाहेर उभा राहून वाजवायचा आणि पंगती उठल्यावर उरलेले फडक्यात बांधून परतायचा. तेच डफडे पुढे शहरातल्या रंगमंचावर गेले, निवेदकाने त्याला 'मातीचा सुगंध' म्हटले आणि टाळ्या पडल्या. आमच्या ओळखीचे एक म्हातारे वादक होते. त्यांना एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "आबाजी, ही कला तुम्ही कशी जपली?" ते म्हणाले, "आमी का देवासाठी वाजोत होतो काय गा? का कलेसाठी? पोटासाठी वाजोत होतो." या उत्तरानंतर लोककलेवर परिसंवाद घेण्यासारखे फारसे काही उरत नाही.

तरीही या अंकासाठी मी एका लोकसंगीताच्याच तबकडीवर लिहीत आहे, आणि तीही विलायती. चांदूर रेल्वेसारख्या गावात बसून इंग्रजांच्या लोकगीतांची चिकित्सा करण्याचे कारण काय, असे वाचक विचारील. कारण असे की, पुण्याला शिकत असलेला आमचा एक विद्यार्थी सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने या तबकडीची नवी आवृत्ती मला ऐकवली आणि म्हणाला, "सर, हे लोक आपली जुनी गाणी बघा कशी सांभाळतात." या वाक्यातील 'आपली' हा शब्द मला खटकला. ती गाणी त्यांची तरी होती काय? आणि आपली गाणी कोणी, कशी सांभाळली? हे दोन प्रश्न एकमेकांना चिकटलेले आहेत, म्हणून त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

तबकडीचे नाव 'लीज अँड लीफ'. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन नावाच्या लंडनच्या वाद्यवृंदाने ती १९६९ च्या डिसेंबरात, आयलंड या कंपनीकडून काढली. तोपर्यंत ही मंडळी अमेरिकन धर्तीचे रॉक वाजवीत होती. त्याच वर्षी १२ मे रोजी कार्यक्रमाहून परतताना महामार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. ड्रम वाजविणारा मार्टिन लॅम्बल आणि रिचर्ड थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन हे दोघे गेले. मार्टिन अवघा १९ वर्षांचा होता. उरलेले लोक हँपशायरमधील एका खेड्यात घर घेऊन राहिले. नवा ड्रमवादक डेव्ह मॅटॅक्स आणि सारंगीसारखे व्हायोलिन वाजविणारा डेव्ह स्वॉरब्रिक त्यांना मिळाले. बास गिटार वाजविणाऱ्या अ‍ॅशली हचिंग्जने लंडनच्या लोकसंगीत ग्रंथालयात बसून जुनी कथागीते शोधली आणि सँडी डेनीने ती गायली. विजेवर चालणारी गिटार, जोरकस ड्रम आणि कित्येक शतके तोंडोतोंडी चालत आलेली कथागीते यांचा असा एकजीव मेळ इंग्लंडमध्ये आधी कोणी घातला नव्हता. पुढे २००६ साली बीबीसीच्या श्रोत्यांनी तिला आजवरची सर्वांत प्रभावी लोकसंगीत तबकडी म्हणून कौल दिला. कलाकृती म्हणून तिचा दर्जा मला मान्य आहे. सँडी डेनीचा आवाज ऐकताना माणूस भाषा विसरतो. तो आवाज दुःखाचे प्रदर्शन मांडत नाही, सांगायचे ते सांगून बाजूला होतो. हा गुण आपल्याकडच्या चांगल्या ओवी म्हणणाऱ्या बाईत आढळतो.

पण नावापासूनच पाहू. 'लीज' म्हणजे सरंजामी धन्याशी बांधलेला. 'लीफ' म्हणजे राजीखुशीने. बांधलेला आणि तोही राजीखुशीने! आपल्या भाषेत सांगायचे तर वेठ आणि तीही आनंदाची. त्या तरुणांना या जुन्या शब्दांचा नाद आवडला असेल. विशीतली मुले होती, कोणत्याही सरंजामदाराची जाहिरात करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. परंतु शब्द निरपराध नसतात. ज्याच्या आजोबाने वेठ केलेली नाही त्यालाच या शब्दांचा फक्त नाद ऐकू येतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले तेव्हा त्यांना तोडायची होती ती हीच गाठ. बांधलेपण तर होतेच, शिवाय त्या बांधलेपणाचा मान वाटणारी मनोवृत्तीही होती. दुसरी गाठ पहिलीपेक्षा चिवट असते, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

तबकडीतील सर्वांत गाजलेले गीत 'मॅटी ग्रोव्ह्ज' आहे. कथा थोडक्यात अशी. सणाच्या दिवशी चर्चमध्ये जमीनदाराची पत्नी मॅटी नावाच्या सामान्य तरुणाला पाहते आणि नवरा दूर शेतावर असताना त्याला घरी नेते. घरातला एक नोकर हे ऐकतो, धावत सुटतो, वाटेतली नदी पोहून पार करतो आणि मालकाला वर्दी देतो. मालक येतो. नि:शस्त्र माणसाला मारल्याचा बोल नको म्हणून तो मॅटीला आपल्या दोन तलवारींतील चांगली तलवार देतो, आणि ठार करतो. मग पत्नीला विचारतो, तुला जास्त कोण आवडतो? ती सांगते, तुझ्या सगळ्या थाटापेक्षा हा मेलेला बरा. तो तिलाही मारतो. शेवटी तो दोघांना एकाच खड्ड्यात पुरायला सांगतो. मात्र बाईला वर ठेवा म्हणतो, कारण ती उच्च कुळातली होती.

हा शेवट मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा यंत्र थांबवायला सांगितले. मरणानंतर, एकाच मातीत, एकाच खड्ड्यातदेखील वरचा आणि खालचा! हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्रजी व स्कॉटिश कथागीतांचा जो प्रचंड संग्रह छापला त्यात ३०५ गीते आहेत आणि हे त्यातील ८१ वे. म्हणजे विद्वानांच्या हाती ते शतकाहून अधिक काळ आहे. मला दिसला तो कळीचा प्रश्न तिथे किती जणांना दिसला असेल, मला शंका आहे. स्मशानाच्या वाटेसाठी ज्यांना आजही कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात, त्यांना मात्र ही ओळ समजावून सांगण्यासाठी कोणी समीक्षक लागत नाही.

आणि तो धावत गेलेला नोकर? त्याच्याविषयी गीत काही बोलत नाही. त्याला बक्षीस मिळाले की नाही, कळत नाही. धन्याच्या अब्रूसाठी नदी पोहणारा तो माणूसही मॅटीच्याच थरातला असावा. आपल्यापैकीच कोणीतरी निरोप घेऊन धावतो आणि आपल्यापैकीच कोणीतरी मरतो, ही गोष्ट गावगाड्यात आपण पुष्कळ पाहिली आहे. गावाचा सांगावा परगावी पोचविणे हे आपल्या पूर्वजांच्या माथी मारलेले काम होते आणि त्यात किती जणांना अभिमानही वाटे! 'लीज अँड लीफ' या नावाचा अर्थ तबकडीत कोणी जगून दाखवला असेल तर या बिननावाच्या नोकराने.

येथे एक आक्षेप येईल. कथागीताने अन्याय सांगितला, त्याचे समर्थन केले नाही. मग दोष कोणाचा? आक्षेप योग्य आहे आणि त्यावर मी बराच काळ अडलो. शेवटच्या ओळीनंतर फेअरपोर्टची मंडळी क्षणभरही थांबत नाहीत. गिटार आणि व्हायोलिन एका वेगवान नाचाच्या चालीत शिरतात आणि कितीतरी वेळ घोडदौड चालते. प्रथम मला हा निर्दयपणा वाटला. दोन प्रेते खड्ड्यात आणि वर नाच! दहाव्या वेळी ऐकताना मत थोडे बदलले. कथागीत हे पंचनाम्यासारखे असते. ते पाहिलेले नोंदवते, निकाल देत नाही. सँडी डेनी ती कुळाची ओळ कोणताही जोर न देता गाते, म्हणूनच ती टोचते. वाद्यवृंदाने मात्र तो काटा तिथेच ठेवून श्रोत्याला नाचात ओढून नेले. कवितेत विद्रोहाची शक्यता होती, ती सजावटीने विरघळली. माझे अंतिम मत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे आणि तिथेच राहो.

'डेझर्टर' या गीताबाबत मात्र मला संशय नाही. फसवून सैन्यात भरती केलेला गरीब माणूस पळतो, सोबतीच विश्वासघात करतो, पाठीवर फटके बसतात, मृत्युदंड होतो, आणि शेवटी सहा घोड्यांच्या बग्गीतून राजपुत्र येऊन त्याला माफ करतो, कारण हा राणीचा चांगला शिपाई होईल! येथे गाणे सिंहासनाच्या पाया पडते. 'टॅम लिन' याच्या उलट उभे आहे. परीराणीच्या कैदेतील प्रियकर सापासारख्या भीषण रूपांत बदलत असताना जेनेट त्याला मिठीतून सोडत नाही आणि सोडवून आणते. इथे सुटका कोणाच्या कृपेने होत नाही, ती धरून ठेवल्यामुळे होते. या एका गीतासाठी मी तबकडी पुन:पुन्हा लावतो. बाकीच्या वाद्यसंगीताच्या तुकड्याविषयी लिहिण्यासारखे मजजवळ काही नाही, तो ऐकायला छान आहे.

आता नव्या आवृत्तीकडे येऊ. २००२ साली मूळ फितीवरून ध्वनी नव्याने उजळून ही तबकडी पुन्हा काढण्यात आली, आणि तीत त्या वेळी वगळलेली दोन गीते जोडली. त्यातील 'सर पॅट्रिक स्पेन्स' हे राजाच्या लहरीखातर वादळात जहाज हाकणाऱ्या खलाशाचे गीत आहे. ते मूळ तबकडीत असते तर 'डेझर्टर'मधील राजभक्तीला तिथेच उत्तर मिळाले असते. पुढे २००७ साली दोन तबकड्यांची आवृत्ती आली आणि तीत रेडिओसाठी केलेली ध्वनिमुद्रणे मिळाली. ध्वनीबद्दल सांगायचे तर जुन्या टेपवर ड्रम आणि बास एकत्र चिखल झालेले ऐकू येत, ते आता वेगळे झाले आहेत. 'रेनार्डीन'मध्ये झांजांच्या झुळुकीवर आवाज तरंगतो तो श्वासासकट ऐकू येतो. मात्र काही ठिकाणी व्हायोलिन कानाला अधिक धारदार लागते. एवढे सोडले तर काम प्रामाणिक आहे.

प्रामाणिक, पण कोणाशी? कोणत्या स्टुडिओत मुद्रण झाले, निर्माता जो बॉइड, ध्वनिमुद्रक जॉन वुड, कोण केव्हा आले आणि केव्हा सोडून गेले, सर्व नोंद आहे. गीताच्या पुढे मात्र एकच शब्द आहे: पारंपरिक. आणि त्याला जोडून: संयोजन फेअरपोर्ट कन्व्हेन्शन. हा 'पारंपरिक' कोण? शेतमजूर, धुणे धुणाऱ्या बाया, माळी, खलाशी. सेसिल शार्प हे इंग्रजी लोकगीतांचे थोर संग्राहक १९०३ पासून सॉमरसेटच्या खेड्यांतून हिंडले. गरिबांकडून गीते घेतली, त्यातले 'अश्लील' ते गाळले आणि शाळांच्या पुस्तकांत घातले. पुढे १९१६ ते १९१८ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगरांत ते गेले तेव्हा गोऱ्यांची गीते टिपली, तिथल्या काळ्या गायकांकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. १९८५ साली डेव्ह हार्कर या इंग्रज अभ्यासकाने 'फेकसाँग' हा ग्रंथ लिहून या सर्व संग्राहकांची झडती घेतली. कष्टकऱ्यांची संस्कृती मध्यमवर्गाने आपल्या सोयीने कापून शिवली, असा त्याचा आरोप होता. त्याच्यावर टीकाही झाली. पण प्रश्न जिवंत आहे. गीत 'पारंपरिक' ठरले की गाणाऱ्याचा हक्क संपतो आणि संयोजकाचा सुरू होतो. मानधन संयोजकाला जाते.

इथपर्यंत आलो की वाचक ओळखतो की आपण इंग्लंडात नाही.

आपल्या तबकडीचा हिशेब मांडायचा तर जलशापासून सुरुवात करावी लागेल. सत्यशोधक जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला आणि आतला प्राण बदलला. गणातला गणपती गेला आणि गण म्हणजे लोक असा अर्थ आला. गवळणीतला कृष्ण राधेची वाट अडवायचा थांबला. १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा खेड्यापाड्यांत नेला. हे संयोजन नव्हते, ही शस्त्रक्रिया होती. तमाशा आमच्यासाठी निष्पाप नव्हताच. पट्ठे बापूराव आणि पवळा यांची जोडी रसिकांनी डोक्यावर घेतली. बापूराव कुलकर्णी होते, पवळा महारीण होती. लावणीवर नाव कोणाचे राहिले ते सर्वांना ठाऊक आहे. बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी घेतला नाही, कारण तो आपल्या बायांना नाचवून मिळवलेला होता, असे चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. लोककलेबद्दलची आपली भूमिका त्या नकारातून आलेली आहे. इंग्लंडच्या तरुणांना लोकसंगीत म्हणजे हरवलेले घर. आपल्याला ते पुष्कळदा सोडून दिलेले घर आहे, आणि ते आपण डोळे उघडे ठेवून सोडले.

म्हणून १९५६ नंतर आपल्या गायकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी शुद्ध लोकपरंपरा शोधत बसण्यात वेळ घालवला नाही. कव्वाली घेतली, सिनेमाची चाल घेतली, पेटी, ढोलकी, बेंजो आणि भोंगा घेतला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईच्या कामगार वस्तीत अक्षर शिकले आणि हजारो गीते लिहून गावोगाव फिरले. विठ्ठल उमप दीक्षाभूमीवर, नागपुरातच, २६ नोव्हेंबर २०१० रोजी व्यासपीठावर कोसळले. आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांनी भीमवंदना लिहिली आणि आयुष्याच्या अखेरच्या काळात बुद्धाला शरण गेले. इंग्लंडमध्ये विजेची गिटार लोकगीताला जोडली म्हणून एवढा गवगवा झाला. आमच्या वस्त्यांत तोवर भोंग्यावरची कव्वाली कित्येक जयंत्या गाजवून बसली होती. तिला कोणी प्रागतिक संगीत म्हटले नाही. 'जयंतीचा गोंगाट' म्हटले.

आणि तबकडी? मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे यांचेच उदाहरण घ्या. १९३३ चा जन्म, आईवडिलांबरोबर लहानपणापासून भजन-कीर्तन, मग कव्वालीच्या पार्टीत साथ, मग स्वतःचा तो खडा, वरच्या पट्टीत न थकणारा आवाज. या माणसाने भीमगीते किती गायली याची गणती नाही. पण बाजाराने त्यांना सर्वाधिक विकले ते पंढरीच्या वाटेवरचे आणि सत्यनारायणाच्या कथेचे गायक म्हणून. आजही आषाढीला ज्या मांडवात त्यांचा आवाज घुमतो त्यातील किती जणांना या आवाजाचे दुसरे अर्धे आयुष्य ठाऊक आहे? काही कार्यकर्ते त्यांना या भक्तिगीतांबद्दल दोष देत. मला तो दोष उथळ वाटतो. डफडेवाल्या आबाजींचे उत्तर इथेही लागू आहे. दोष द्यायचाच तर त्या व्यवस्थेला द्या जिने एकाच गळ्यातील दोन गाण्यांना दोन भाव लावले.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि चित्र पालटले. तबकडी काढणे मोठ्या कंपनीचे काम होते, कॅसेट भरणे गल्लीतल्या दुकानदारालाही जमू लागले. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात दाखविले आहे की, उत्तर भारतात कॅसेटने मोठ्या कंपनीची मक्तेदारी फोडली आणि प्रादेशिक गाण्यांना बाजार मिळवून दिला. आपल्याकडेही भीमगीतांच्या कॅसेटी दीक्षाभूमीच्या रस्त्यावर ढिगाने विकल्या गेल्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरकडे जाणारी गाडी चांदूर रेल्वेला थांबली की डब्याडब्यातून वेगवेगळी गाणी एकाच वेळी ऐकू येत. परतीच्या गाडीत पिशवीतून पुस्तके, बुद्धाची मूर्ती आणि कॅसेटी येत. आम्हा अनेकांचे पहिले ग्रंथालय त्या पिशवीतून आलेले आहे.

आज त्याच कॅसेटी 'नव्याने उजळून' इंटरनेटवर चढविल्या जात आहेत. याचा आनंद मानावा की नाही? मी माझ्याजवळच्या एका जुन्या कॅसेटची अशी नवी आवृत्ती शोधून ऐकली. कंपनीचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, हा एकीचा दोष नव्हे. आवाज स्वच्छ आहे. इतका स्वच्छ की कोरस मागे ढकलला गेला आहे आणि ढोलकीची थाप यंत्राच्या ठोक्यासारखी लागते. मुखपृष्ठावर चकचकीत रंगांत बाबासाहेब आहेत, गायकाचे नाव आहे, कंपनीचे चिन्ह आहे. गीतकाराचे नाव नाही. वादकाचे नाव नाही. मुद्रण कोणत्या साली, कोठे झाले, काही नाही. इंग्रजांच्या तबकडीत गीताचा कर्ता बेपत्ता होता, पण निदान शतकानुशतके लोटली होती. आमचा गीतकार कालपरवा गेलेला आहे, त्याची मुले हयात आहेत, आणि तो आताच 'पारंपरिक' झाला! जिवंत माणसाला परंपरा करून टाकणे ही चोरीचीच एक रीत आहे.

कायद्याची बाजू कार्यकर्त्यांनी समजून घ्यावी म्हणून दोन शब्द. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे साठीच्या सुरुवातीच्या तबकड्या ध्वनिमुद्रण म्हणून मोकळ्या झालेल्या आहेत. गीताच्या शब्दांवरील हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वामनदादा २००४ साली गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकाराचा मानधनातील समान वाटा त्याला सोडूनच देता येणार नाही, अशी तरतूद केली. पण हक्क सांगायला आधी नाव सिद्ध करावे लागते, आणि नाव तर मुखपृष्ठावरून पुसलेले आहे.

काम वेगळ्या रीतीने करता येते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह आता एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे आणि 'पारी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहे. प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे, जात आहे. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या तिथे त्यांच्या नावानिशी ऐकता येतात. संग्राहक इथे संयोजक होऊन वर चढून बसलेला नाही. शार्पसाहेबांच्या वहीशी या वहीची तुलना करावी, म्हणजे पद्धतीचा फरक हा नीतीचा फरक असतो हे ध्यानात येईल.

नव्या पिढीने विजेची गिटार हाती घेतली आहे. मुंबईचे 'धम्म विंग्ज', तामिळनाडूत उभे राहिलेले 'कास्टलेस कलेक्टिव्ह' ही त्यांची उदाहरणे. तामिळ मंडळींनी मरणघरच्या गाना गीतांना रॉकच्या शेजारी बसवले आणि वादकांना व्यासपीठाच्या पुढच्या रांगेत आणले. मला हे फेअरपोर्टच्या कामगिरीपेक्षा पुढचे वाटते, कारण इथे गाणारा आणि ज्याचे गाणे आहे तो एकच आहे. ग्रंथालयात जाऊन त्याला आपले पूर्वज शोधावे लागले नाहीत. पण या मंडळींनीही आपल्या मुद्रणांची नोंद आजच नीट ठेवावी. विलास घोगरे यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो तो मुख्यतः आनंद पटवर्धनांच्या चित्रपटांमुळे. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर, जुलै १९९७ मध्ये, या शाहिराने गळफास घेतला, आणि त्यांच्या गीतांची आपल्या हाती असलेली शिदोरी एका चित्रपटकाराच्या कॅमेऱ्यामुळे वाचली. आपण स्वतः किती जपली होती?

यावर विद्यार्थ्याशी बराच वाद झाला. तो म्हणाला, "सर, मग काय खरखर तशीच ठेवायची?" मी कपाटातून एक कॅसेट काढून त्याला दिली. आमच्याच वस्तीत ऐंशीच्या दशकात एका जयंतीला रात्रभर कव्वालीचा सामना झाला होता, त्याचे कोणीतरी भोंग्यासमोर यंत्र धरून केलेले मुद्रण. गायकाचा आवाज फाटलेला आहे. पण दर कडव्यानंतर गाणे थांबते आणि निवेदक सांगतो: अमुक गावच्या अमुक बाईकडून पाच रुपये, जिनिंगमधल्या अमुक कामगाराकडून दोन रुपये, अमुक शाळेतल्या मुलांकडून सव्वा रुपया. मध्येच हरवलेल्या एका पोराला आई स्टेजजवळ शोधत आहे अशी सूचना होते. गाडीची शिटी येते, गायक हसून थांबतो आणि शिटी संपल्यावर तीच ओळ पुन्हा उचलतो. कंपनीच्या कारागिराने हे सर्व 'गोंगाट' म्हणून कापले असते, आणि फेअरपोर्टच्या ध्वनिमुद्रकानेही कापले असते. त्या रात्रीचा कार्यक्रम कोणाच्या पैशाने झाला याची दुसरी कोणतीही नोंद आता अस्तित्वात नाही.

सुट्टी संपण्यापूर्वी त्याने ती कॅसेट संगणकात उतरवली. फितीची सळसळ थोडी कमी केली, घोषणा आणि शिटी ठेवली. मग वहीत बक्षीस देणाऱ्यांची नावे उतरवून आम्ही दोघे वस्तीत फिरलो. ४३ नावांपैकी ३१ जणांचा माग लागला. त्यातील नऊजण हयात आहेत. ढोलकीवाल्याचे नाव अजून मिळालेले नाही. तो धामणगावकडचा होता एवढेच एका म्हातारीला आठवते.